मोगल राजघराण्यातील व्यसनाधीनता : समकालीन नोंदी आणि त्यांचा अन्वयार्थ

प्रास्ताविक

मोगल बादशहा आणि शाहजादे यांच्या मद्यपानाचा व अफूसेवनाचा उल्लेख शालेय व महाविद्यालयीन पाठ्यपुस्तकांत सहसा एखाद्या वाक्यात येतो. ‘विलासी’, ‘मद्यपी’ अशी विशेषणे लावून विषय संपविला जातो. या विशेषणांचा उपयोग कोणी संपूर्ण राजवटीला नैतिक अधःपतनाचे प्रमाणपत्र देण्यासाठी करतो, तर कोणी पूर्वजांच्या आदरापोटी हा भाग झाकून ठेवतो. दोन्ही बाजूंकडून एक महत्त्वाची गोष्ट दुर्लक्षित राहते. व्यसन कसे लागते, कसे वाढते, शरीर आणि मन यांवर त्याचा काय परिणाम होतो, उपचार कुठे यशस्वी ठरतो आणि कुठे फसतो, याविषयीच्या अत्यंत बारकाईच्या नोंदी खुद्द त्या घराण्यातील व्यक्तींनी आणि त्यांच्या जवळच्या लोकांनी लिहून ठेवल्या आहेत. सोळाव्या व सतराव्या शतकातील इतका स्पष्ट पुरावा अन्य राजघराण्यांच्या बाबतीत क्वचितच मिळतो.

प्रस्तुत निबंधात या नोंदींचा एकत्रित विचार केला आहे. ‘बाबरनामा’, ‘तुझुक-ए-जहांगिरी’, अबुल फझलचे लेखन, बदायुनीचा इतिहास आणि फ्रेंच प्रवासी बर्निये याचा वृत्तान्त ही मुख्य साधने होत. यातील काही घटना बऱ्हाणपूर, जालना, बाळापूर, पैठण आणि ग्वाल्हेर येथे घडल्या असल्याने मराठी भाषकांच्या परिचित भूगोलाशीही या विषयाचा थेट संबंध आहे.

बाबर : तौबा आणि तिच्यानंतरचा काळ

फेब्रुवारी १५२७ मध्ये, खानव्याच्या लढाईपूर्वी, बाबरने मद्यत्यागाची प्रतिज्ञा केली. सोन्याचांदीची मद्यपात्रे फोडून त्यांचे तुकडे गरजूंना वाटण्यात आले आणि सुमारे तीनशे सरदार व सेवक या तौबेत सामील झाले. ही घटना सर्वपरिचित आहे. तिच्यापुढचा भाग मात्र फारसा सांगितला जात नाही. १५२९ साली काबूलला असलेल्या ख्वाजा कलान या जुन्या मित्राला लिहिलेल्या पत्रात बाबरने कबूल केले आहे की, त्यागानंतर मद्याच्या मैफिलीची ओढ त्याला इतकी छळत असे की डोळ्यांत पाणी येण्याची वेळ येई. आणि आता ती ओढ ओसरली आहे याबद्दल तो ईश्वराचे आभार मानतो.

या पत्राचे महत्त्व मोठे आहे. प्रतिज्ञा एका दिवसात झाली, परंतु मन शांत होण्यास दीर्घ काळ लागला. त्यातही माजून म्हणजे मादक अवलेहाचे सेवन बाबरने सोडल्याचे दिसत नाही. म्हणजे एक पदार्थ सुटला, दुसरा राहिला. पुढच्या पिढ्यांत हाच नमुना वारंवार दिसतो. त्याचा पुत्र हुमायून याला अफूची सवय होती आणि तिची दखल बाबरचा मावसभाऊ असलेल्या मिर्झा हैदर दुघलत याने ‘तारीख-ए-रशीदी’मध्ये घेतली आहे.

जहांगीरची आत्मनोंद

या विषयावरील सर्वांत मौल्यवान साधन म्हणजे जहांगीरने स्वतःच्या व्यसनाविषयी लिहिलेला मजकूर होय. जानेवारी १६१६ मध्ये शाहजादा खुर्रम याच्या तुलादानाच्या प्रसंगी, चोवीस वर्षांचा होईपर्यंत मद्याला स्पर्श न केलेल्या या मुलाला बापाने स्वतःहून प्याला दिला आणि त्या निमित्ताने आपली हकीकत नोंदवली.

ती हकीकत थोडक्यात अशी. लहानपणी खोकल्यावर औषध म्हणून गुलाबपाण्यातून थोडे मद्य त्याला दिले गेले होते. त्याखेरीज तरुण वयापर्यंत त्याने मद्य घेतले नव्हते. १५८६ साली अकबराची छावणी युसुफझाई पठाणांवरील मोहिमेसाठी अटकेजवळ सिंधू नदीच्या काठी पडली होती. एके दिवशी शिकारीहून थकून आल्यावर उस्ताद शाह कुली नावाच्या तोपचीने, एक प्याला घेतल्यास शीण जाईल, असे सुचविले. हकीम अली याच्याकडून गोड चवीचे, पिवळसर रंगाचे दीड प्याला मद्य आले. शाहजाद्याला त्याचा परिणाम आवडला. येथे एक योगायोग लक्षात घेण्यासारखा आहे. हा तोपची पूर्वी अकबराचा सावत्रभाऊ मिर्झा मुहम्मद हकीम याच्या पदरी होता, आणि तो मिर्झा आदल्याच वर्षी, १५८५ मध्ये, काबूल येथे अतिमद्यपानाने मरण पावला होता.

यानंतरचा क्रम जहांगीरने एखाद्या वैद्याच्या टिपणाप्रमाणे मांडला आहे. द्राक्षाचे मद्य रोज वाढत गेले. काही काळाने त्याने नशा येईनाशी झाली. मग अर्क सुरू झाला. नऊ वर्षांत दोनदा गाळलेल्या अर्काचे रोज वीस प्याले होऊ लागले. त्यांपैकी चौदा दिवसा आणि उरलेले रात्री. या सर्वांचे वजन सहा हिंदुस्थानी शेर भरे. अन्न मात्र एक कोंबडी, भाकरी आणि मुळा एवढेच उरले. हात इतके कापू लागले की प्याला स्वतःला धरता येईना, दुसऱ्याने तो तोंडाला लावावा लागे. आणि त्याला अडविण्याची कोणाचीही प्राज्ञा नव्हती.

आजच्या वैद्यकशास्त्रात व्यसनाधीनतेची जी लक्षणे शिकविली जातात ती येथे एकामागून एक आढळतात. त्याच परिणामासाठी अधिक मात्रा लागणे, सौम्य पदार्थाकडून तीव्र पदार्थाकडे जाणे, भूक मरणे, हातांना कंप सुटणे आणि घेतल्याशिवाय न भागणे. चारशे वर्षांपूर्वी एका सत्ताधीशाने हे स्वतःविषयी लिहावे, ही असामान्य बाब होय.

हकीम हुमामचा सल्ला आणि त्याची मर्यादा

प्रकृती पूर्ण ढासळल्यावर शाहजाद्याने हकीम हुमाम याला बोलावले. हकीमने आडपडदा न ठेवता सांगितले की, याच पद्धतीने पिणे चालू राहिल्यास सहा महिन्यांत दशा उपायापलीकडे जाईल. दरबारी वातावरणात भावी बादशहाला असे सांगणे सोपे नव्हते. जहांगीरने या स्पष्टवक्तेपणाचा आदराने उल्लेख केला आहे, आणि त्याच दिवसापासून मात्रा कमी करण्यास आरंभ केला. अर्कात द्राक्षाचे मद्य मिसळण्यात आले. प्रमाण दोन भाग मद्य, एक भाग अर्क. सात वर्षांत वीस प्याल्यांवरून तो सहा प्याल्यांवर आला. पिण्याची वेळ रात्रीची ठरली.

ही घट खरी आहे आणि तिने बहुधा त्याचे प्राण वाचविले. पण तिची दुसरी बाजूही त्यानेच लिहिली आहे. मद्य जसे कमी होत गेले तसे ‘फिलुनिया’ हे अफूयुक्त औषध वाढत गेले. पुढे फिलुनियाची जागा निव्वळ अफूने घेतली. शेहेचाळिसाव्या वर्षी तो दिवसा आठ व रात्री सहा, अशी एकूण चौदा गुंजा अफू रोज घेत होता. आजच्या मापाने हे सुमारे १.७ ग्रॅम भरते. एका व्यसनाला उतार म्हणून दिलेल्या औषधाने दुसरे व्यसन जडविले, असा याचा अर्थ होतो.

उत्तरायुष्यात दम्याने त्याला ग्रासले. १६२१ च्या आजारात बेगम नूरजहांने प्याल्यांची संख्या क्रमाक्रमाने कमी केली आणि वैद्यांपेक्षा तिचा अनुभव अधिक उपयोगी पडला, असे त्याने नमूद केले आहे. ऑक्टोबर १६२७ मध्ये काश्मीरहून परतताना त्याचा मृत्यू झाला. चाळीस वर्षे सोबत केलेल्या अफूचीही त्याला शेवटी शिसारी आली होती आणि अन्नावरची वासना उडाली होती, असे दरबारी इतिहासकार मुतमद खानाने लिहिले आहे.

दख्खनमधील तीन मृत्यू

अकबराचे दोन पुत्र आणि एक नातू यांचा अंत व्यसनाने झाला, आणि तिघांचीही अखेर दख्खनच्या मोहिमेशी निगडित आहे.

शाहजादा मुराद याचा जन्म १५७० चा. १५९५-९६ मध्ये अहमदनगरच्या वेढ्यात चांदबिबीशी त्याची गाठ पडली. नंतर वऱ्हाडात बाळापूरजवळ शाहपूर येथे त्याने आपले ठाणे वसविले. १५९७ मध्ये त्याचा लहान मुलगा रुस्तम वारला. या दुःखानंतर त्याचे पिणे अनावर झाल्याचे अबुल फझलच्या लेखनावरून दिसते. सेनापतींशी मतभेद, मोहिमेतील अपयश, राजधानीपासूनची दूरता आणि पुत्रशोक ही सर्व ओझी एकाच वेळी त्याच्यावर होती. त्याला परत आणण्यासाठी अकबराने अबुल फझललाच पाठविले. परंतु मे १५९९ मध्ये दौलताबादपासून वीस कोसांवर, पूर्णा नदीच्या काठी, वयाच्या अवघ्या एकोणतिसाव्या वर्षाच्या आसपास त्याचे निधन झाले. जहांगीरने हे ठिकाण जालन्याजवळचे म्हणून सांगितले आहे.

दुसरा शाहजादा दानियाल. हिंदी काव्याची आवड असलेला हा तरुण बऱ्हाणपूरला दख्खनचा सुभेदार होता. विजापूरच्या इब्राहिम आदिलशहाच्या मुलीशी त्याचा विवाह पैठणजवळ गोदावरीकाठी झाला. वधूला पोचविण्यासाठी इतिहासकार फिरिश्ता सोबत आला होता. दानियालच्या पिण्याची बातमी अकबराला होती. त्याने शाहजाद्याचा सासरा खानखानान अब्दुर्रहीम याच्याकडे देखरेख सोपविली आणि मद्य पोचण्याच्या सर्व वाटा बंद करविल्या. तेव्हा दानियालने सेवकांपुढे रडून विनवण्या केल्या. मुर्शिद कुली नावाच्या बंदूकबारदाराने शाहजाद्याच्या आवडत्या बंदुकीच्या नळीत दोनदा गाळलेला अर्क भरून आणला. नळीतील दारूगोळ्याचा अंश आणि लोखंडाचा गंज त्या तीव्र अर्कात उतरला. तो पिऊन दानियाल अंथरुणाला खिळला आणि १६०५ साली, अकबराच्या निधनाच्या काही महिने आधी, तेहतिसाव्या वर्षी मरण पावला. या बंदुकीला शाहजाद्याने जे नाव ठेवले होते त्यात ‘जनाजा’ हा शब्द होता, याचा उल्लेख जहांगीरने खेदाने केला आहे.

तिसरा शाहजादा म्हणजे जहांगीरचा पुत्र परवेझ. नोव्हेंबर १६१५ मध्ये इंग्लंडचा वकील सर टॉमस रो याने बऱ्हाणपूर येथे त्याची भेट घेतली आणि नजराण्यात मद्याच्या बाटल्यांची पेटीही दिली. खाजगी भेटीचे आश्वासन मिळाले होते, पण शाहजादा नशेत गेल्यामुळे ती भेट झालीच नाही. ऑक्टोबर १६२६ मध्ये त्याच बऱ्हाणपुरात अतिमद्यपानाने त्याचा अंत झाला. त्याचे वय तेव्हा चाळिशीच्या आतच होते.

या तीन घटनांत साम्य आहे, पण भेदही आहे. मुरादच्या बाबतीत शोकाकडे कोणी वेळेवर पाहिले नाही. दानियालच्या बाबतीत केवळ पहारा बसविला गेला. हकीम हुमामने केली तशी हळूहळू घट करण्याची योजना झाल्याचे दिसत नाही. परवेझच्या बाबतीत पाहुण्यांचा नजराणाही व्यसनाला पूरक ठरला. तिन्ही ठिकाणी सेवकवर्ग मालकाची इच्छा मोडू शकत नव्हता. अधिकार जेवढा मोठा, तेवढा वेळीच अडविणारा माणूस दुर्मिळ, हे सूत्र येथे स्पष्ट होते.

इनायत खानाचे चित्र

१६१८ साली इनायत खान नावाचा जवळचा सेवक पालखीतून जहांगीरसमोर आणला गेला. त्याला अफूची सवय होती आणि संधी मिळेल तेव्हा तो मद्यही घेई. मूळची प्रकृती नाजूक. त्यात अतिसार, मूर्च्छा, मग विलक्षण भूक आणि शेवटी अंगावर सूज. हकीम रुकना याचे उपचार निष्फळ ठरले. आग्ऱ्याला जाण्याची परवानगी मागण्यास तो आला तेव्हा हाडांवर कातडे ताणलेले असावे तसा दिसत होता. बादशहाने चित्रकारांना त्याचे चित्र काढण्यास सांगितले. दुसऱ्याच दिवशी इनायत खान वारला.

त्या प्रसंगाचे रेखाटन आज बोस्टनच्या ललितकला संग्रहालयात आणि रंगीत चित्र ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात आहे. बसकी छाती, बरगड्यांची रांग, निर्जीव होत चाललेली नजर असे हे चित्र व्यसनाच्या शारीरिक परिणामांचे जगातील एक प्रभावी दस्तऐवज मानावे लागेल. मरणासन्न माणसाचे चित्र काढून घेण्यात निष्ठुरता होती, असे म्हणता येते. परंतु हे पाहणारा बादशहा स्वतः त्याच पदार्थांच्या अधीन होता, ही गोष्टही विसरता येत नाही.

ग्वाल्हेरचा पोस्ता

अफूचा एक वापर व्यसनाहूनही भयंकर होता. ग्वाल्हेरचा किल्ला राजघराण्यातील कैद्यांसाठी वापरला जात असे. बर्नियेच्या वृत्तान्तानुसार, तेथील शाहजाद्यांना ‘पोस्ता’ दिला जाई. अफूची बोंडे कुस्करून रात्रभर पाण्यात भिजत घालायची आणि तो प्याला सकाळी अन्नापूर्वी पाजायचा. तो घेतल्याशिवाय खायला मिळत नसे. अशाने कैदी हळूहळू कृश होई, बुद्धी मंदावे, आणि सुस्तीतच त्याचा अंत होई.

१६६१ च्या आरंभी दारा शुकोहचा पुत्र सुलेमान शुकोह औरंगजेबासमोर आणला गेला तेव्हा बर्निये दरबारात हजर होता. मला पोस्ता द्यायचा असेल तर त्याऐवजी आताच ठार करा, अशी विनंती त्या तरुणाने केली. बादशहाने पोस्ता न देण्याचे वचन दिले. तरीही १६६२ मध्ये सुलेमान शुकोह ग्वाल्हेरलाच मरण पावला आणि त्याला पोस्ता दिला गेल्याचे सांगितले जाते. अफू दीर्घकाळ घेतल्यास शरीराआधी मनाचा कणा मोडतो, हे तत्कालीन सत्ताधाऱ्यांना नेमके ठाऊक होते, असा याचा निष्कर्ष निघतो. मरणापेक्षा त्या अवस्थेची भीती एका तरुणाला अधिक वाटावी, यातच सारे आले.

हुकूम आणि त्यांचे भवितव्य

मद्यावरील निर्बंधांचे तीन प्रकार या काळात दिसतात. अकबराने राजवाड्याजवळ औषधापुरते मद्य विकण्याचे दुकान उघडले होते. खरेदी करणाऱ्याचे, त्याच्या बापाचे व आजोबाचे नाव लिहून घेतले जाई, असे बदायुनी सांगतो. जहांगीरने १६०५ मध्ये राज्यारोहणानंतर काढलेल्या बारा आज्ञांपैकी एकीने मद्य व मादक पदार्थ बनविण्यास व विकण्यास मनाई केली. त्याच ठिकाणी तो लिहितो की, आपण स्वतः अठराव्या वर्षापासून पीत आलो आहोत. औरंगजेब स्वतः निर्व्यसनी होता. त्याने १६५९ मध्ये मुहतसिबाची नेमणूक करून बंदी अमलात आणण्याचा प्रयत्न केला. शाहजहानने १६२१ मध्ये दख्खनच्या मोहिमेवर जाताना चंबळ नदीत मद्य ओतून, पात्रे फोडून गरिबांना वाटून स्वतःपुरता निर्णय घेतला.

तंबाखूचा इतिहासही दख्खनशी जोडलेला आहे. दानियालच्या विवाहासाठी विजापूरला गेलेला असद बेग परत येताना तंबाखू आणि रत्नजडित नळी घेऊन आला. अकबराने कुतूहलाने एक-दोन झुरके घेतले. हकीमने हरकत घेतली, कारण या पदार्थाची परीक्षा आपल्याकडील ग्रंथांत नव्हती. १६१७ मध्ये जहांगीरने तंबाखूवर बंदी घातली. इराणच्या शाह अब्बासनेही तशीच बंदी घातली होती, पण तेथे गेलेला मोगल वकील खान आलम तंबाखूशिवाय राहू शकत नसल्याने शाहला त्याला सवलत द्यावी लागली.

कुराणशरीफात मद्याविषयीचे आदेश एकदम नव्हे, तर टप्प्याटप्प्याने आले. सूरह बकरा, सूरह निसा आणि सूरह माइदा यांतील आयती या क्रमाच्या साक्षी आहेत. आधी हानीची जाणीव, मग नमाजाच्या वेळेपुरता निर्बंध आणि शेवटी पूर्ण मनाई. समाजाचे मन तयार करण्याची ही रीत मोगलांच्या फर्मानांत दिसत नाही. तेथे फर्मान एका दिवसात निघे आणि दरबाराचा व्यवहार पूर्ववत चाले.

सामान्यजन आणि माळव्याची अफू

हा विषय राजवाड्यापुरता नव्हता. ‘आईन-ए-अकबरी’मध्ये माळवा सुभ्याचे वर्णन करताना, तेथे लहानथोर सर्व घरांत मुलांना तीन वर्षांची होईपर्यंत अफू दिली जाते, अशी नोंद आहे. एकोणिसाव्या शतकात होळकर व शिंदे यांच्या मुलखांतील माळवी अफू मुंबईमार्गे चीनला जाऊ लागली आणि इंदूर हे या व्यापाराचे मोठे केंद्र बनले. मुंबईत गिरणीत काम करणाऱ्या माता कामावर जाताना तान्ह्या मुलाला ‘बाळगोळी’ देत. तीत अफू असे. म्हणजे आईनमधील नोंदीनंतर तीन शतकांनीही ती प्रथा वेगळ्या कारणाने टिकून होती. तिच्या मुळाशी विलास नव्हता, तर मजुरी, गरिबी आणि मूल सांभाळणाऱ्याचा अभाव होता. १८९३ मध्ये नेमलेल्या शाही अफू आयोगाने १८९५ च्या अहवालात अफूच्या माफक सेवनाला फारसे हानिकारक मानले नाही. अफूच्या महसुलाचे हितसंबंध लक्षात घेता या निष्कर्षावर टीका होणे स्वाभाविक होते. चीनकडील निर्यात १९१३ मध्ये थांबली. नीमच व मंदसौर भागात परवान्याने होणारी औषधी अफूची लागवड आजही चालू आहे, आणि १९८५ च्या अंमली पदार्थविषयक कायद्याने तिच्यावर नियंत्रण आहे.

निष्कर्ष

वरील विवेचनातून काही गोष्टी स्पष्ट होतात.

एक, मोगल साधनांत व्यसन हे केवळ पाप किंवा केवळ शौक म्हणून आलेले नाही. कारणे, लक्षणे आणि उपचार असलेली अवस्था म्हणून त्याची नोंद झालेली आहे.

दोन, पहिला प्याला बहुधा शिणावरचा उपाय, औषध किंवा सन्मान म्हणून येतो. सलीमला तो तोपचीने दिला, खुर्रमला बापाने.

तीन, नुसता पहारा माणसाला लपवाछपवीकडे ढकलतो, तर स्पष्ट सल्ला, क्रमाने घट आणि जवळच्या माणसाची देखरेख यांचा काही उपयोग होतो. दानियाल आणि जहांगीर या दोन भावांच्या नशिबातील फरक येथे आहे. मात्र पर्यायी पदार्थ हा उपचार नव्हे.

चार, शोक, एकटेपणा आणि अपयश यांकडे दुर्लक्ष झाल्यास व्यसन मनाच्या जखमेवर वाढते. मुरादचे उदाहरण याचे द्योतक आहे.

अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेच्या २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार देशात दहा ते पंचाहत्तर वयोगटातील सुमारे १६ कोटी लोक मद्य घेतात आणि सुमारे २.२६ कोटी लोक अफूवर्गीय पदार्थ वापरतात. यातील तरुण महाविद्यालयांच्या वर्गांतही बसलेले असतात. घराण्याची किंवा समाजाची बदनामी होईल या भीतीने त्यांची अवस्था झाकली जाते आणि उपचाराची वेळ निघून जाते. जहांगीरने तर थरथरणारे हातही लिहून ठेवण्यात कमीपणा मानला नाही. मोगल इतिहास शिकविताना त्याची ही पाने वगळू नयेत, आणि केवळ निंदेसाठीही वाचू नयेत. हकीम हुमामने भावी बादशहाला जे स्पष्टपणे पण कळकळीने सांगितले, ते विद्यार्थ्याला सांगण्याची जबाबदारी आज शिक्षकावर आहे. आणि या पानांच्या आधाराने ते कोणालाही न दुखावता सांगता येते.